नवरीचा बुके घरी बांधण्यासाठी दादरची फूल मंडई

धाकट्या बहिणीचे लग्न जानेवारीत वसईच्या चर्चमध्ये झाले आणि तिच्या हातातला बुके मी घरी बांधला. त्यासाठी लागणारी सगळी फुले मी दादर पश्चिमेच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईतून आणली, आणि ज्यांच्या घरी असे लग्न आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या खरेदीचा अनुभव इथे सविस्तर मांडत आहे.

आमच्या वसईतले फूलबागायतदार मोगरा, सोनचाफा आणि जास्वंदीच्या कळ्या पहाटेच्या लोकलने याच मंडईत नेतात, त्यामुळे तिचे नाव लहानपणापासून ऐकलेले होते. मात्र ग्राहक म्हणून मी पहिल्यांदाच गेले. लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास पोहोचले, तेव्हा खरेदी ऐन भरात होती. उशिरा गेल्यास फुले मिळतात, परंतु निवडीला वाव राहत नाही. मंडईत चालायला जागा अरुंद आहे आणि पायाखाली ओल असते, म्हणून घट्ट पट्ट्यांच्या चपला घालाव्यात आणि सोबत एक माणूस न्यावा.

मला सर्वांत मोलाची वाटली ती तिथल्या विक्रेत्यांची जाण. पांढऱ्या डच गुलाबांच्या, पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या वीस-वीस फुलांच्या गड्ड्या समोर होत्या आणि मी घट्ट कळ्यांची गड्डी उचलली, तेव्हा गाळ्यावरच्या काकांनी ती माझ्या हातून काढून घेतली. "ताई, लग्न उद्या आहे ना? मग ही नका नेऊ, ही उद्यापर्यंत उमलायची नाही. अर्धी उमललेली न्या," असे म्हणून त्यांनी दुसरी गड्डी सोडली आणि देठाच्या लगेच वर, फुलाच्या बुडाशी, दोन बोटांनी हलकेच दाबून दाखवले. तिथे फूल टणक लागले तर ते ताजे; मऊ लागले तर बाहेरून कितीही टवटवीत दिसो, ते घेऊ नये. महाग गड्डी खपवण्याऐवजी माझ्या कामाची गड्डी त्यांनी दिली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

मोगरा घालावा अशी बहिणीची इच्छा होती, पण त्याचा खरा बहर उन्हाळ्यात असतो आणि जानेवारीत तो फार महाग पडतो, म्हणून सुवासासाठी मी निशिगंधाच्या दहा काड्या घेतल्या आणि भरावासाठी जिप्सीची, म्हणजे बारीक पांढऱ्या फुलांच्या फांद्यांची, एक जुडी. गुलाबाच्या दोन गड्ड्या धरून सगळा खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. तयार बुकेसाठी मला याच्या तिपटीहून अधिक रक्कम सांगण्यात आली होती.

घरी आल्यावर लगेच बांधायला बसू नये. खालची पाने आणि काटे काढून, देठ पाण्याखाली धरून तिरपे कापले आणि गुलाब चार तास अंधाऱ्या खोलीत बादलीभर पाण्यात ठेवले. पिकलेली केळी त्या खोलीतून आधीच हलवली होती, कारण पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात. बांधताना पहिले फूल सरळ धरावे आणि पुढचे प्रत्येक फूल एकाच दिशेला तिरपे टेकवत हातातला गुच्छ फिरवत न्यावा. देठांना पीळ बसतो आणि वरचा भाग आपोआप गोल होतो. माझा गुच्छ पहिल्या दोन वेळा एका बाजूला झुकला, तिसऱ्यांदा साधला, तेव्हा एक गड्डी सरावासाठी जास्तीची घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

एकच तक्रार आहे आणि ती मंडईबद्दल नाही. देठांना गुंडाळायची हिरवी फ्लोरल टेप मी दुसऱ्याच ठिकाणच्या एका दुकानातून घेतली होती. ही टेप ताणल्यावरच तिच्यातले मेण चिकटते. माझी टेप इतकी जुनी निघाली की ताणताच तुकडे पडले आणि शेवटी देठ जाड सुती दोऱ्याने आवळावे लागले. दुकानातच वीतभर टेप ताणून पाहावी. दोऱ्यावर सॅटिनची रिबन गुंडाळून मोत्याच्या टाचण्या खालून वर, देठांच्या दिशेने तिरप्या खोचल्या, म्हणजे टोक तळहाताला लागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत लग्न असेल तर मार्गशीर्षातल्या गुरुवारांची तारीख आधी पाहावी, कारण त्या पूजेसाठी आदल्या दिवशी फुलांना मोठी मागणी असते आणि भाव चढतात. आमचे लग्न रविवारी होते. सकाळी चर्चमध्ये निशिगंधाच्या बऱ्याचशा कळ्या मिटलेल्याच होत्या. संध्याकाळी स्वागत समारंभाच्या वेळी त्या उमलल्या आणि बहिणीच्या शेजारी उभे राहिले की त्यांचा वास येत होता.