फोररनर २६५: मॅरेथॉनआधीच्या सगळ्यात जड आठवड्यात कितपत कामाचं?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तीन आठवड्यांचा टेपर (शर्यतीआधी पळणं कमी करत नेण्याचा काळ) धरला, तर पुण्यातून तयारी करणाऱ्यांचा सगळ्यात जड आठवडा बरोबर डिसेंबरच्या अखेरीस येतो. घड्याळाची खरी परीक्षा याच आठवड्यात होते, कारण मंगळवारचे इंटरव्हल (मध्ये जॉग घेत पळायचे जलद तुकडे), गुरुवारचा मॅरेथॉन पेस (शर्यतीत धरायचा वेग) आणि रविवारचे ३२ किलोमीटर हे सगळं दमलेल्या पायांनी करायचं असतं आणि आकडा चुकला तर त्याची किंमत पुढच्या रनला मोजावी लागते. गार्मिनचं फोररनर २६५ इथे फक्त या आठवड्याच्या कसोटीवर लावलं आहे. निकाल आधीच सांगतो: तुम्ही आखलेला आठवडा तंतोतंत पार पाडायला हे घड्याळ उत्तम आहे. आठवडा आखायचं काम मात्र त्याच्यावर सोपवू नका.

मार्च २०२३ मध्ये आलेलं हे मॉडेल. वजन ४७ ग्रॅम. मनगट बारीक असेल तर २६५एस घ्या, ते ३९ ग्रॅमचं. पाच बटणं आहेत आणि टचस्क्रीनही आहे, पण घामेजल्या बोटांनी बटणंच वापरावीत. अॅमोलेड स्क्रीनवर पहाटेच्या अंधारात आकडे लख्ख दिसतात. मल्टिबँड (एकाहून जास्त फ्रिक्वेन्सींवर चालणारा, म्हणून जास्त अचूक) जीपीएस आणि उंची मोजायला बॅरोमीटर आहे, नकाशे नाहीत. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे बॅटरी रोजच्या वापरात १३ दिवस, नुसत्या जीपीएसवर २० तास आणि मल्टिबँडवर १४ तास चालते.

आता आठवडा. चार तासांचं लक्ष्य धरू, म्हणजे मॅरेथॉन पेस साधारण ५:४० (किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद). सोमवारी विश्रांती. मंगळवारी १२ किलोमीटर: ३ किलोमीटर वॉर्मअप, मग ५:१० च्या पेसने १६०० मीटर चार वेळा, मध्ये ४०० मीटर जॉग, उरलेलं कूलडाउन. बुधवारी ८ सोपे. गुरुवारी १४, त्यातले मधले ६ मॅरेथॉन पेसने. शुक्रवारी विश्रांती, शनिवारी ६ अगदी सैल. रविवारी ३२, त्यातले शेवटचे १० मॅरेथॉन पेसने. एकूण ७२ किलोमीटर, अंदाजे साडेसात तास पळणं.

इथेच बॅटरीचा हिशोब करून टाकू. मल्टिबँडवर साडेसात तास म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी. बाकीचे सहा-सात दिवस घड्याळ हातात राहणार, ते धरले तर एका चार्जमध्ये आठवडा निघत नाही. शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी चार्जिंगला लावा. रात्री लावू नका, कारण त्या रात्रीची झोप आणि एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरात होणारा फरक, थकवा ओळखायची खूण) दोन्ही नोंदवायची राहून जातात आणि रविवारी सकाळचा तयारीचा अंदाज अर्ध्या माहितीवर निघतो.

गार्मिनच्या कनेक्ट अॅपमध्ये शर्यतीची तारीख, अंतर आणि लक्ष्य टाकलं की घड्याळ रोजचा वर्कआउट सुचवायला लागतं. बेस (पाया), बिल्ड (भार वाढवणं), पीक (सगळ्यात जड), टेपर असे टप्पे पाडतं आणि पुढच्या सात दिवसांत काय येणार आहे तेही दाखवतं. लाँग रन कोणत्या वारी करायचा हे सेटिंगमध्ये सांगता येतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही सोय खरंच छान वाटते. सोपा रन सोपाच ठेवायची सवय लागते आणि नव्या माणसाला ती सवयच सगळ्यात जड जाते. पीक आठवड्यात मात्र गाडी दोन जागी अडते. पहिली अडचण लाँग रनची. सुचवलेला लाँग रन मिनिटांत असतो आणि सहसा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सोप्या जोरावर. दमलेल्या पायांवर १० किलोमीटर मॅरेथॉन पेस, जे या आठवड्याचं मुख्य काम, ते त्यात बहुधा नसतं. दुसरी अडचण अशी की सूचना रोज सकाळी तुमची झोप, एचआरव्ही आणि रिकव्हरी पाहून बदलते. जड आठवड्यात शरीर थकलेलं दिसणारच, म्हणून घड्याळ नेमकं त्याच आठवड्यात हात आखडता घेतं.

त्यामुळे हा आठवडा स्वतः बांधून कॅलेंडरवर टाका. अॅपच्या वर्कआउट बिल्डरमध्ये पाच रन करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वॉर्मअपची पायरी अंतरावर ठेवू नका, ‘लॅप बटण दाबेपर्यंत’ अशी ठेवा. नाहीतर ३ किलोमीटर ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला पूर्ण होतात आणि पहिला इंटरव्हल भलतीकडूनच सुरू होतो. पेसची पट्टी फार अरुंद करू नका; रस्त्यावर ५:३५ ते ५:४५ ठेवली तर घड्याळ सतत वाजत राहतं आणि माणूस दर मिनिटाला वेग बदलतो. ५:३० ते ५:५० पुरे. रविवारच्या पहिल्या २२ किलोमीटरना पेसचं लक्ष्य देऊच नका. हार्ट रेटची वरची मर्यादा द्या आणि शेवटच्या १० ना पेस द्या. खाण्यासाठी दर ३० मिनिटांची सूचना लावून ठेवा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, आणि भूक लागल्यावर आठवण आली तर उशीर झालेला असतो. एनर्जी जेल घेणार असाल तर शर्यतीच्या दिवशी जे घेणार तेच या रविवारी घ्या.

मंगळवारच्या इंटरव्हलसाठी ‘ट्रॅक रन’ हा प्रकार वापरा. हे घड्याळ घेण्याचं एक मोठं कारण हाच आहे. साध्या रन मोडमध्ये ४०० मीटरच्या वळणांवर जीपीएस आतबाहेर करतो आणि १६०० चे १६३०-१६४० होतात, म्हणजे पेस खोटा जलद दिसतो. ट्रॅक रनमध्ये लेनचा क्रमांक निवडायचा आणि पहिल्या दोन फेऱ्या एकाच लेनमध्ये पळायच्या, सुरुवातीची रेघ किंचित ओलांडून. तेवढ्यात घड्याळ ट्रॅक ओळखतं आणि पुढे अंतर ४०० च्या पटीत येतं. वॉर्मअप याच मोडमध्ये केला की या दोन फेऱ्या त्यातच होऊन जातात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वॉर्मअप बाहेरच्या लेनमध्ये करायचा आणि इंटरव्हल पहिलीत, पण घड्याळात लेन बदलायची नाही. ५:१० च्या पेसला एक फेरी २ मिनिटं ४ सेकंदांची आणि १६०० मीटर ८ मिनिटं १६ सेकंदांचे. सनस मैदान असो वा बालेवाडी, पहिल्या फेरीला १:५५ दिसलं तर लगेच सैल व्हा. ते नऊ सेकंद चौथ्या १६०० ला वसूल होतात.

हार्ट रेटबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर कुठल्याही कंपनीचा असो, पहाटेच्या थंडीत कातडीखालचा रक्तपुरवठा आक्रसलेला असतो आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडा भरवशाचा नसतो. दुसरा घोटाळा जास्त फसवा: सेन्सर नाडीऐवजी पावलांचा ठेका पकडतो. सोप्या रनला हार्ट रेट एकदम १७० ला चिकटून बसला आणि तुमचा केडन्सही (मिनिटाला पडणारी पावलं) १७० च असेल, तर तो आकडा हृदयाचा नाही. उपाय साधे आहेत. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर सरकवा, पट्टा एक भोक आवळा, बाही घड्याळाखाली जाऊ देऊ नका आणि घरातच पाच मिनिटं अंग गरम करून निघा. इंटरव्हल आणि रविवारचा रन मात्र छातीच्या स्ट्रॅपवरच करा. या मॉडेलला लॅक्टेट थ्रेशोल्ड (ज्या जोराच्या पुढे पाय झपाट्याने थकतात ती मर्यादा) आपोआप काढायलाही स्ट्रॅप लागतो. स्ट्रॅपचे काळे पॅच पाण्याने ओले करूनच बांधा. कोरडा बांधला की घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात. रन झाल्यावर साध्या पाण्यात खळबळून वाळत टाका, मिठाचा थर राहिला की स्ट्रॅप लवकर जातो.

जीपीएस मल्टिबँडवर ठेवला तर विद्यापीठाच्या आवारातल्या दाट झाडीतही रेघ बऱ्यापैकी रस्त्यावर राहते. मेट्रोच्या पुलाखाली कोणाचंच चालत नाही. कर्वे रस्त्यावर, त्यातही नळ स्टॉपला जिथे पुलावर पूल आहे, तिथे क्षणाचा पेस ४:३० आणि ७:०० च्या मध्ये उड्या मारतो. म्हणून स्क्रीनवर क्षणाचा पेस ठेवूच नका. लॅप पेस (चालू तुकड्याचा सरासरी पेस), लॅपचं अंतर आणि हार्ट रेट, एवढे तीन आकडे पुरेत. गुरुवारचे मॅरेथॉन पेसचे ६ किलोमीटर खुल्या आकाशाखाली जमवा, एनडीए रस्त्याकडे किंवा खडकवासल्याच्या बाजूला.

चढाचा विचारही याच आठवड्यात हवा. मुंबईत पूर्ण मॅरेथॉनला परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे पेडर रोडचा चढ येतो आणि तिथे पेस धरून ठेवायला गेलं की पुढचे पाच किलोमीटर जातात. घड्याळातला पेसप्रो चढउतार धरून किलोमीटरवार पेस काढून देतो. चढावर किती जोर लावायचा हे आधी ठरवता येतं. या आठवड्यात सराव करायचा तर कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे जाणारा चढ घ्या, तोही बुधवारच्या सोप्या रनमध्ये एकदाच, आणि पेसऐवजी पॉवरचा आकडा (पळायला लागणारा जोर, वॅटमध्ये) बघा. सपाटीवर सोप्या रनला जितके वॅट दिसतात त्याच्या आसपास चढावर राहिलात की वेग आपोआप उतरतो आणि पाय शाबूत राहतात. वेताळ टेकडी मला फार प्रिय आहे, पण खडीवरून उतरताना घोट्याला जे होऊ शकतं ते शर्यतीला तीन आठवडे असताना नको.

ट्रेनिंग रेडिनेस हा १ ते १०० चा आकडा लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो. तो झोप, रिकव्हरीची वेळ, एचआरव्ही, अलीकडचा भार, मागच्या रात्रींची झोप आणि ताण यांवरून निघतो. ३२ किलोमीटरसाठी चारला उठायचं म्हटलं की झोप कापली जाते, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या सकाळी आकडा सगळ्यात वाईट येण्याची शक्यता जास्त. एकट्या वाईट झोपेमुळे आकडा पडला असेल तर रन करा. एचआरव्हीची सात दिवसांची सरासरी तुमच्या नेहमीच्या पल्ल्याच्या खाली गेली असेल, विश्रांतीचा हार्ट रेट नेहमीपेक्षा पाच-सातने वर असेल आणि घसा खवखवत असेल, तर मात्र ३२ चे २० करा आणि मॅरेथॉन पेस सोडून द्या. लोड रेशोकडेही (अलीकडचा भार आणि मागच्या काही आठवड्यांचा भार यांचं गुणोत्तर) लक्ष ठेवा. ०.८ ते १.४ मध्ये असाल तर ठीक. १.५ च्या वर गेलात तर मागचे आठवडे फार हलके होते असा त्याचा अर्थ, आणि हा इशारा खरा माना. पोटरी आणि अकिलीसची दुखणी इथूनच सुरू होतात. वर्षअखेरची पार्टी असेल तर दारूने एचआरव्ही दोन रात्री खाली राहू शकतो, त्यावरून फिटनेस गेला असं समजू नका.

शर्यतीच्या वेळेचा जो अंदाज घड्याळ देतं, तो पुण्यातल्या थंड, कोरड्या पहाटेच्या जोरावर निघालेला असतो. २२ अंशांच्या वर पळालात तरच घड्याळ उष्णतेची सवय मोजतं आणि तापमान ते फोनमधून घेतं, म्हणून फोन जोडलेला हवा. डिसेंबरभर फक्त पहाटे पळणाऱ्याची ही सवय शून्याकडे झुकलेली दिसेल. बुधवारचे ८ आणि शनिवारचे ६ किलोमीटर दुपारी चारला करा, थोडी तरी भर पडते. पुण्याची दुपार कोरडी आणि मुंबईची सकाळ दमट, म्हणून तरीही अंदाज जसाच्या तसा धरू नका. रविवारचे शेवटचे १० किलोमीटर ५:४० ने गेले आणि हार्ट रेट सतत चढत राहिला नाही, तर चार तासांचं लक्ष्य ठेवा. नाहीतर पाच-दहा मिनिटं आत्ताच सोडा.

कोणी घ्यावं? आठवड्याला ५० किलोमीटरच्या वर पळणाऱ्याने आणि स्वतःचा प्लॅन असलेल्याने. हाफ मॅरेथॉनपर्यंतच जायचं असेल तर फोररनर १६५ पुरेल. त्यात मल्टिबँड आणि ट्रेनिंग रेडिनेस नाही, पण वर्कआउट तेवढेच नीट चालवतं. २०२५ मध्ये आलेल्या फोररनर ५७० मध्ये हार्ट रेटचा सेन्सर नवा आहे. तरी वरच्या किमतीतला फरक वाचवून २६५ आणि छातीचा स्ट्रॅप घेतला, तर इंटरव्हलला जास्त भरवशाचा आकडा मिळेल. घ्यायचंच ठरलं तर नोव्हेंबर संपायच्या आत घ्या. एचआरव्हीचा तुमचा नेहमीचा पल्ला ठरायला तीन आठवडे रोज रात्री घड्याळ हातात हवं आणि पीक आठवडा सुरू होण्याआधी तो ठरलेला असायला हवा.