जुन्या फायलींतून शिवसेना वाचताना : इंदूरच्या एका मराठी वाचनालयाची सेवा

राजवाड्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर असलेल्या एका जुन्या मराठी वाचनालयाने आपल्याकडील वृत्तपत्रांच्या बांधीव फायली आता सभासद नसलेल्यांनाही पाहण्यासाठी खुल्या केल्या आहेत. चिठ्ठीवर वृत्तपत्राचे नाव, वर्ष आणि महिना लिहून द्यावा, थोडी अनामत भरावी आणि टेबलाशी बसून फाइल चाळावी, अशी ही साधी व्यवस्था आहे. अनामत जाताना परत मिळते. फाइल घरी नेता येत नाही आणि झेरॉक्स वाचनालयाचे कर्मचारीच काढून आणतात. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि ही संस्था तुटपुंज्या वर्गणीवर, बहुतांशी निवृत्त मंडळींच्या उत्साहावर चालते. इंदूरच्या मराठी वाचकाला एवढ्या वर्णनावरून अंदाज आला तर तो त्याने स्वतःपाशी ठेवावा.

सेवेची परीक्षा घ्यायची तर विषय असा हवा की ज्यासाठी अनेक वर्षांच्या फायली लागतील आणि ज्याचे उत्तर मोबाइलवर एका मिनिटात मिळणार नाही. मी शिवसेनेची निवडणुकीतील चढउतार हा विषय निवडला. पक्षाला कोणत्या वर्षी किती जागा मिळाल्या याचा तक्ता कुठेही सापडतो. परंतु त्या जागा का मिळाल्या, का गेल्या आणि त्या त्या दिवशी लोकांना काय वाटत होते, हे तक्त्यात नसते. त्यासाठी निकालाच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस वाचावे लागतात, आणि या कामासाठी ही सेवा निःसंशय उपयोगी आहे. मात्र ती वापरणाऱ्याला काही गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट म्हणजे फायलींचा सलग संग्रह १९८०च्या दशकापासूनच सुरू होतो. त्यापूर्वीचे काही सुटे महिने आहेत, पण त्यांवर विसंबता येत नाही. १९ जून १९६६ रोजी झालेली पक्षाची स्थापना, १९६८ची मुंबई महापालिकेची निवडणूक, १९७० साली परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिकांच्या रूपाने विधानसभेत गेलेला पहिला शिवसैनिक आणि १९७८ साली विधानसभेत एकही जागा न मिळणे, हा सगळा भाग येथे सापडणार नाही. म्हणजे एकदा वर चढून पूर्ण खाली आलेला पक्ष येथल्या वाचकाला थेट त्याच्या दुसऱ्या डावातच भेटतो. सूचीत ही उणीव कुठेही नोंदवलेली नाही, आणि नवख्या वाचकाचा समज होईल की शिवसेनेची गोष्ट १९८५ साली सुरू झाली.

१९८५ची फाइल मात्र अवश्य मागवावी. त्या वर्षी मार्चच्या सुमारास झालेल्या विधानसभा निवडणुकीत माझगावहून छगन भुजबळ हे शिवसेनेचे एकटे आमदार निवडून आले. तेवढेच पाहणाऱ्याने पक्ष संपला असे म्हटले असते, आणि तसे म्हणणारे तेव्हा होतेही. त्यानंतर काही आठवड्यांतच मुंबई महापालिकेची निवडणूक झाली आणि १७० पैकी ७४ जागा जिंकून शिवसेनेने पालिका ताब्यात घेतली. भुजबळ महापौर झाले. मधल्या आठवड्यांतील अंक ओळीने वाचत गेले की मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी होणार या चर्चेने वातावरण कसे पालटले, ते पानापानांवर वाढत जाताना दिसते. विधानसभेला एका कारणाने आणि पालिकेला दुसऱ्या कारणाने मत देणारा मुंबईकर मला या फाइलमध्ये जितका स्पष्ट दिसला, तितका कोणत्याही विश्लेषणात दिसलेला नाही.

या काळातील निकालांचे तक्ते वाचताना आणखी एक अडचण येते, जिच्याबद्दल वाचनालयाला दोष देता येणार नाही. १९८९ साली धनुष्यबाण मिळेपर्यंत पक्षाला कायमचे चिन्ह नव्हते. उमेदवार निरनिराळ्या चिन्हांवर उभे राहत. ढाल-तलवार होती, रेल्वे इंजिन होते (पुढे तेच इंजिन मनसेकडे गेले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे) आणि १९८४च्या लोकसभेला तर मनोहर जोशी यांच्यासारखे नेते चक्क भाजपच्या कमळावर लढले. त्यामुळे तक्त्यातील पक्षाच्या रकान्यावर न थांबता मतदारसंघनिहाय बातमी वाचणे भाग पडते. डिसेंबर १९८७ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक आणि १९८८ साली औरंगाबाद महापालिकेत ६० पैकी २७ जागा, या दोन टप्प्यांच्या फायली त्याच ओघात पाहून घ्याव्यात, कारण नोकऱ्यांचा प्रश्न घेऊन उभा राहिलेला मुंबईचा पक्ष हिंदुत्वाचा झेंडा घेऊन मराठवाड्यात कसा शिरला, ते त्यांत आहे.

आता डाक आवृत्तीविषयी. इंदूरला मुंबईचे अंक रेल्वेने येत, आणि दूरच्या गावांसाठी निघणारी ही आवृत्ती रात्री लवकर छापली जाई. एरवी याने काही बिघडत नाही, पण मतमोजणीच्या दिवसांत फार बिघडते. १९९० आणि १९९५ साली मतपत्रिका हाताने मोजल्या जात, मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चाले, आणि मुंबईच्या वाचकाने सकाळी जो निकाल वाचला तो आपल्या फाइलमध्ये एक दिवस उशिरा, कधी दोन दिवस उशिरा सापडतो. मार्च १९९५च्या फाइलमध्ये पहिल्या दिवशी केवळ आघाड्यांचे आकडे आहेत. शिवसेना ७३, भाजप ६५ आणि काँग्रेस ८० हे चित्र पुढच्या अंकांतून सावकाश पुरे होते, आणि तोवर पंचेचाळीस अपक्ष कोणाकडे जाणार याची चर्चा सुरू झालेली असते. १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, त्या शपथविधीचे वृत्तही असेच मागाहून येते. संदर्भ देताना फाइलवरची तारीख घटनेची तारीख समजू नये, एवढी सूचना वाचनालयाने टेबलावर लावून ठेवली तर पुष्कळांचा घोटाळा वाचेल. मला स्वतःला मात्र या उशिराने आनंदच दिला. निकाल ठाऊक नसलेल्या माणसांचे अंदाज वाचण्यात जी गंमत आहे, ती अंतिम आकड्यांत नाही.

वृत्तपत्रे जागा मोठ्या अक्षरांत छापतात आणि मतांची टक्केवारी बहुधा छापतच नाहीत. छापली तर आठवड्याने एखाद्या लेखात. ही उणीव भरून काढायला निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल लागतात. ते विनामूल्य उपलब्ध आहेत आणि वाचनालयातील एकमेव संगणकावर पाहता येतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की शिवसेनेचे चढउतार वेगळेच दिसू लागतात. १९९५ साली पक्षाला १६.३९ टक्के मते होती आणि २०१९ साली १६.४१ टक्के, पहिल्या वेळी जागा आल्या ७३ आणि दुसऱ्या वेळी ५६. मते होती तिथेच राहिली. १९९५ साली युतीत मोठ्या भावाच्या वाट्याच्या जागा लढवायला मिळाल्या होत्या आणि २०१९ साली धाकट्याच्या मिळाल्या, हाच मुख्य फरक. २०१४ साली युती तुटल्यावर पक्ष जवळजवळ सगळीकडे स्वबळावर लढला, तेव्हा मते १९.३५ टक्के झाली आणि जागा ६३. पण त्याच निवडणुकीत भाजप १२२ वर गेला, त्यामुळे हा चांगला निकालही पराभवासारखा वाचला गेला. शिवसेनेची घसरण किंवा मुसंडी असे मथळे देणाऱ्यांपैकी किती जणांनी लढवलेल्या जागांचा रकाना पाहिला होता, असा प्रश्न त्या त्या वर्षीचे मथळे वाचताना वारंवार पडतो.

एखादा मतदारसंघ धरून फायली वाचायच्या असतील तर माहीम घ्यावा, असे मी सुचवेन. शिवसेना भवन आणि शिवाजी पार्क याच मतदारसंघात येतात. २००५च्या अखेरीस राज ठाकरे बाहेर पडले, ९ मार्च २००६ रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन झाली आणि २००९ साली माहीमची जागा मनसेच्या नितीन सरदेसाई यांनी जिंकली. सेनेचे उमेदवार आदेश बांदेकर तिसऱ्या क्रमांकावर गेले. दुसऱ्या क्रमांकावर होते सदा सरवणकर, जे मूळचे सेनेचे आणि त्या वेळी काँग्रेसचे उमेदवार होते. म्हणजे पहिले तिघेही एकाच मुशीतले. सरवणकर पुढे परतले, २०१४ आणि २०१९ साली सेनेतर्फे निवडून आले, २०२२ साली एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले आणि २०२४ साली उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे महेश सावंत यांच्याकडून १,३१६ मतांनी हरले. मनसेचे अमित ठाकरे तिसरे आले. राज्यभराच्या बेरजेत मनसे २००९ साली १३, मग एक, पुन्हा एक आणि २०२४ साली शून्य अशी उतरत गेलेली दिसते. माहीमच्या बातम्या वाचल्या तर त्याच मतदाराला दर निवडणुकीत त्याच घराण्याच्या वेगवेगळ्या दारांतून निवड करावी लागत होती हे कळते, आणि मग त्या बेरजांचा अर्थ लागतो.

२०२२नंतरचे अंक अजून बांधलेले नाहीत. ते महिनावार सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत आहेत आणि चिठ्ठी दिल्यावर हवा तो गठ्ठा मिळेलच असे नाही. हे खेदाचे आहे, कारण आजच्या वाचकाला याच काळाविषयी सर्वाधिक विचारायचे असते. जून २०२२ची फूट, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला देणे, २०२४च्या लोकसभेत ठाकरे गटाच्या ९ आणि शिंदे गटाच्या ७ जागा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेत चित्र उलटून शिंदे गटाच्या ५७ आणि ठाकरे गटाच्या २० जागा, हे सारे एका फाइलमध्ये सलग वाचता आले असते तर फार बरे झाले असते. दोन्ही गटांची बेरीज ७७ होते, म्हणजे एकसंध पक्षाने १९९५ साली गाठलेल्या शिखरापेक्षाही अधिक. ही बेरीज एका पक्षाची म्हणून वाचता येणार नाही, कारण एका गटामागे भाजपची आणि दुसऱ्यामागे काँग्रेस-राष्ट्रवादीची मते उभी होती. तरीही सेना संपल्याची वाक्ये ज्यांनी १९७८पासून अधूनमधून लिहिली, त्यांनी ती एकदा पाहावी.

इंदुरात बसून हे वाचण्याचा एक निराळा लाभ आहे. शेजारच्या कपाटात येथील हिंदी दैनिकांच्या फायली आहेत आणि त्याच दिवशीचा अंक मागवता येतो. मुंबईच्या पत्रात जो निकाल पहिले पान व्यापतो, तो येथे आत एका रकान्यात असतो. इंदूरच्या मराठी माणसाने होळकरांच्या काळापासून येथे घर केले, पण मत देताना मराठी नावाचा वेगळा पक्ष शोधला नाही. चिपळूणहून सून म्हणून आलेल्या सुमित्राताई महाजन १९८९ ते २०१४ या काळात सलग आठ वेळा येथून लोकसभेवर गेल्या, त्या भाजपतर्फे आणि सर्व भाषकांच्या मतांवर. त्यामुळे शिवसेनेच्या राजकारणाकडे आपण आपुलकीने आणि थोडे अंतर राखून पाहतो. २००८ साली मुंबईत हिंदी भाषकांविरुद्ध मनसेचे आंदोलन पेटले तेव्हा येथल्या मराठी घरांत जी अस्वस्थता होती, ती दोन्ही फायली शेजारी ठेवल्याखेरीज समजत नाही.

आता तक्रारी. निकालाच्या दिवसांचीच काही पाने ब्लेडने कापून नेलेली आहेत. १९९० च्या एका अंकातून उमेदवारांच्या तक्त्याचा नेमका तेवढाच चौकोन कापून नेलेला आहे आणि मागच्या बाजूची दुधाच्या भाववाढीची बातमी त्या भोकातून अर्धवट वाचावी लागते. बांधणी इतकी घट्ट की आतल्या बाजूचा रकाना शिवणीत गेला आहे. फाइल जोराने उघडली तर पान तडकते आणि हळू उघडली तर मतांचे शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत. झेरॉक्सवर तो भाग काळा येतो. मोबाइलने छायाचित्र घेण्यास मनाई आहे, जी आजच्या काळात मला अनाकलनीय वाटते, कारण छायाचित्राने कागदाला काहीच इजा होत नाही आणि झेरॉक्सच्या काचेवर फाइल उलटी दाबल्याने ती निश्चित होते. पक्षाचे मुखपत्र ‘सामना’ २३ जानेवारी १९८८ पासून निघत आहे. त्याचे अंक येथे जतन केलेले नाहीत, त्यामुळे पक्षाची स्वतःची बाजू इतरांनी दिलेल्या बातम्यांतूनच ऐकावी लागते.

कर्मचाऱ्यांविषयी मात्र चांगलेच लिहावे लागेल. चिठ्ठीवर मी नुसते ‘मनोहर जोशी शपथविधी’ असे लिहिले होते, तर फायली सांभाळणाऱ्या काकांनी महिना न विचारता नेमकी फाइल आणून ठेवली आणि वर ‘दोन दिवस पुढचा पाहा, डाक आहे’ असेही सांगितले. सूचीत जे नाही ते त्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यांच्यानंतर ते कुठे असेल याची सोय संस्थेने अजून केलेली दिसत नाही.

एकंदरीत, ज्याला केवळ आकडे हवेत त्याने येथे येण्याचे कारण नाही. ज्याला एखाद्या पक्षाची, नेत्याची किंवा मतदारसंघाची वाटचाल दिवसांच्या क्रमाने वाचायची आहे, त्याने अवश्य यावे; सकाळी यावे, कारण दुपारनंतर खिडकीकडच्या टेबलाखेरीज कुठेही बारीक टाइप वाचण्याइतका उजेड राहत नाही, आणि १९९९ची दुसरी सहामाही पाहायची असेल तर निघण्यापूर्वी फोन करून विचारावे, कारण त्या वर्षीच्या निवडणुकीची फाइल सध्या बांधणीला गेलेली आहे.