न्यूड मॉडेलसमोर बसून ड्रॉइंग करायचं का? ख्रिस्ती माणसासमोरचे तीन रस्ते आणि एक चोरवाट

चित्रकला सिरियसली शिकायला घेतली की कधीतरी लाइफ ड्रॉइंग, म्हणजे जिवंत माणूस समोर ठेवून चित्र काढणं, येतंच, आणि चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला तिथे हमखास अडखळायला होतं, कारण समोर न्यूड मॉडेल असणार. कोणाला विचारायला गेलात तर तीन जण तीन उत्तरं देतात आणि गंमत म्हणजे तिघंही बायबलच उघडतात. एक म्हणतो अजिबात नाही. दुसरा म्हणतो कपड्यातला मॉडेल आणि प्लास्टर कास्ट (प्लास्टरचे पुतळे) वापरून शिक. तिसरा म्हणतो जा, पण अटी पाळून. चौथी एक चोरवाट आहे, घरी बसून नेटवरचे फोटो बघून काढायची, तिच्याबद्दल शेवटी बोलतो कारण माझं खरं भांडण तिच्याशीच आहे.

आधी "अजिबात नाही"वाले. यांची बाजू लोक समजतात तेवढी लेचीपेची नाहीये. एदेन बागेत आदाम-हव्वा उघडे होते आणि त्यांना लाज वाटत नव्हती हे खरं, पण पुढच्याच अध्यायात, पाप झाल्यावर, देव स्वतः त्यांना कातड्याची वस्त्रं करून घालतो (उत्पत्ती 3:21). म्हणजे झाकणं ही नुसती माणसाची लाज नाही, पतनानंतरची देवाची व्यवस्था आहे, आणि आपण अजून त्याच काळात जगतोय. त्यात मत्तय 5:28 जोडा, वासनेने बघणं हेच मनातलं व्यभिचार. पण नीट वाचलं तर तिथे जोर बघण्यामागच्या हेतूवर आहे, नुसतं शरीर नजरेला पडण्यावर नाही, नाहीतर डॉक्टर-नर्सचं कामच बंद पडेल. आणि "चर्च पहिल्यापासून नाहीच म्हणत आलंय" हे तर इतिहासाला धरून नाहीच. सुरुवातीच्या काळात बाप्तिस्मा कपडे उतरवून घ्यायचे, आणि इटलीतल्या रावेन्नाच्या बाप्तिस्मागृहांमधली मोझेइक बघा, 5व्या-6व्या शतकातली, यार्देन नदीत उभा असलेला येशू पूर्ण नग्न दाखवलाय. तरीही, ज्याला पॉर्नचा त्रास आहे किंवा नुकताच त्यातून बाहेर आलाय त्याच्यासाठी हाच रस्ता बरोबर, त्यात वाद घालत बसू नका.

बरं, चर्चच्या आतच किती ओढाताण झालीय याचं सगळ्यात भारी उदाहरण व्हॅटिकनमधलं सिस्टाइन चॅपल. मायकेलॅंजेलोने "अंतिम न्याय" 1536 ते 1541 मध्ये रंगवलं, पोपचा समारंभ-प्रमुख बियाजो दा चेझेना म्हणाला की एवढे नंगे लोक चॅपलमध्ये शोभत नाहीत, तर याने त्याचाच चेहरा नरकातल्या मिनोसला, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाला, दिला, वर गाढवाचे कान. पुढे 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं की धार्मिक चित्रांत कामुकपणा नको, आणि मायकेलॅंजेलो गेल्यावर चित्रकार डानिएले दा व्होल्टेराने त्या आकृत्यांवर कापडं रंगवली, बिचाऱ्याला "चड्डीवाला" हेच नाव पडलं. आणि 1994 मध्ये साफसफाई पूर्ण झाल्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच चॅपलला मानवी शरीराच्या ईश्वरविद्येचं पवित्रस्थान म्हटलं! प्रोटेस्टंटांकडेही तेच, धर्मसुधारक कॅल्विनला उपासनेत चित्रं नको होती पण चित्रकला आणि शिल्पकला ही देवाची देणगी आहे असंही तोच लिहितो, आणि दुसरा सुधारक ल्यूथर, त्याचा जवळचा मित्र चित्रकार क्रानाख तर नग्न आदाम-हव्वा आणि व्हीनस धडाधड रंगवत होता. त्यामुळे "माझ्या पंथाचं मत काय" एवढ्यावर उत्तर मिळेल असं समजू नका.

मधला रस्ता: कास्ट, अॅनाटॉमीची पुस्तकं, टाइट कपड्यातला किंवा स्विमसूटमधला मॉडेल. कॉमिक्स, इलस्ट्रेशन, अॅनिमेशन करायचंय तर याने बरंच काम भागतं, खरंच. जातं काय, तर कमरेचं हाड कुठे तिरकं झालंय, वजन एका पायावर गेलं की बरगड्या कशा सरकतात हे कापडाखाली दबतं, आणि कास्ट तर श्वासही घेत नाही. शिल्पकार किंवा फिगर पेंटर व्हायचं असेल तर पुढे हे जाणवणारच. जुन्या अकादम्यांमध्ये बायकांना न्यूड क्लासला बसूच द्यायचे नाहीत आणि त्यामुळे मोठी ऐतिहासिक, धार्मिक चित्रं रंगवण्यात त्या मागे राहिल्या, एवढा फरक त्याने पडतो. पण सुरुवात इथूनच करा असं माझं मत, कारण हात तयार नसताना लाइफ क्लासला बसून तसंही फार हाती लागत नाही.

आता "जा पण अटींवर". यात मला एक गोष्ट खटकते, आपल्या सगळ्या चर्चेत काळजी फक्त चित्रकाराच्या डोळ्यांची, समोर उभ्या माणसाची कोणी करत नाही. शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर (1 करिंथ 6:19) हे आपण स्वतःला सांगतो, पण मॉडेलकडे बघतानाही तोच मान आठवायला हवा ना? म्हणून क्लासवाल्यांना आधी विचारा, मॉडेलला नीट पैसे मिळतात का, कपडे बदलायला वेगळी जागा आहे का, पोझच्या मध्ये अंगावर गाउन असतो का, हात लावायला बंदी आहे का. दुसरी अट बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायाची, मन खात नसेल तरच जा, आणि ज्याचं खातं त्याला ओढून नेऊ नका, "अरे तू मागासलेला" वगैरे बोलून तर नाहीच. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला आधी सांगा, लपवावंसं वाटलं तर तिथेच उत्तर आलं.

आणि ती चोरवाट. लोकांना वाटतं फोटो सेफ, समोर खरा माणूस नाही, कोणाला कळतही नाही. मला हे उलटं वाटतं. 1981 च्या आपल्या बुधवारच्या प्रवचनांत जॉन पॉल दुसरे यांनी हाच फरक मांडलाय, चित्रात-शिल्पात शरीर कलाकाराच्या हातून घडत जातं, फोटोत आणि सिनेमात मात्र जिवंत माणूसच जसाच्या तसा उचलला जातो आणि पुढे तो कोणाकोणासमोर जाईल यावर त्याचा ताबा राहत नाही. शिवाय क्लासमध्ये वेळ संपते, लाइट असतो, बाजूला दहा जण खोडरबर घासत असतात, आणि फोनवर तुम्ही एकटे, वेळ कितीही आणि पुढचा फोटो एका स्क्रोलवर. ड्रॉइंगच्या दृष्टीनेही लेन्स आकार सपाट करते. तेव्हा क्लासला जायचं मन होत नसेल तर कपड्यातल्या मॉडेलकडे वळा, फोटोकडे नको, आणि जो क्लास मॉडेलचे फोटो मोबाइलवर काढू देतो तिथून तर पहिल्याच दिवशी पॅड गुंडाळून निघा.