मुलुंडात घरपोच डॉगवॉश व्हॅन : मास्टिफवाल्यांनी वाचा

आमचा भैरव नेपोलिटन मास्टिफ, वजन ६५ किलो. इटलीतली राखणदार जात. अनोळखी माणूस आला की फारसं भुंकत नाही, दारात आडवा उभा राहतो. या धुडाला दुकानातल्या टबात कोण घालणार? म्हणून व्हॅन बोलावली.

आलेल्या पोराने आधी हात हुंगू दिला, मगच पट्टा धरला. खरं काम तोंडावरच्या वळ्यांचं. पावसाळ्यात त्यांत लाळ नि ओल साचली की फंगस ठरलेलं. त्याने एकेक वळी उचलून ओल्या कापसाने पुसली, मग सुक्या फडक्याने टिपली. खालच्या पापणीची लाली बघून “डॉक्टरांना दाखवा काका” म्हणाला, हे आवडलं. ड्रायर मात्र भलताच गरम. या जातीला उकाडा सोसत नाही, थंड हवा लावायला सांगा.

व्हॅनला रॅम्प नाही, हे चुकलंच. सांधे जपायचे म्हणून उडी नको, तर दोघांनी उचलून चढवला. वेळ जेवणाआधीचीच घ्या. भरल्या पोटी दगदग झाली तर एवढ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडायची भीती असते.

दर नेहमीच्या मोठ्या कुत्र्यांचाच. लाळेचे जादा लावले नाहीत, नवल आहे.