झेडएसएच: सर्व्हर सगळ्यांचा, शेल ज्याचा त्याचा

इंदूरला रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे. जुनी मराठी छापील पानं स्कॅन करायची, टेसरॅक्टनं त्यांचा मजकूर काढायचा आणि मग माणसानं बसून तो तपासायचा, हे आमचं काम. उबुंटूचा एकच सर्व्हर, त्यावर प्रत्येकाचं वेगळं खातं, सगळे आपापल्या टेबलावरून एसएसएचनं आत जातात. सर्व्हर मी सांभाळते. त्यामुळे शेलकडून, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, मला दोन गोष्टी हव्यात: ऑफिसच्या सेटिंग एकाच जागी लिहिता याव्यात, आणि कुणाला स्वतःचं काही बदलायचं असेल तर त्यासाठी माझ्याकडे यावं लागू नये. या दोन्ही बाबतींत झेडएसएच (zsh) हा शेल मला बॅश या दुसऱ्या शेलपेक्षा खूपच आवडला.

शेल नवा नाही. पॉल फॉलस्टॅड यांनी प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना १९९० मध्ये तो लिहिला, आणि २०१९ पासून ॲपलनं मॅकवर बॅशच्या जागी तोच ठेवला आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे रंगीत प्रॉम्प्टसाठी (आज्ञा टाइप करायच्या जागेआधी दिसणाऱ्या खुणेसाठी) वळतात. माझं मन जिंकलं ते त्याच्या सेटिंगच्या फायलींनी.

सुरुवातीला वाचायच्या फायली चार प्रकारच्या: एन्व्ह, प्रोफाइल, आरसी आणि लॉगिन. प्रत्येकीची जोडी असते, एक ईटीसी या सामाईक सेटिंगच्या फोल्डरमध्ये सगळ्यांसाठी आणि एक ज्याच्या त्याच्या होम फोल्डरमध्ये. एन्व्ह नेहमीच वाचली जाते, आरसी फक्त माणूस समोर बसून टाइप करणार असेल तेव्हा, प्रोफाइल आणि लॉगिन लॉगिनच्या वेळी. प्रत्येक जोडीत आधी ऑफिसची, मग स्वतःची. म्हणजे मी काहीही ठरवलं तरी शेवटचा शब्द ज्याचा त्याचा राहतो.

बॅशमध्ये हा सरळपणा नाही. तिथे लॉगिन शेल ईटीसीतली प्रोफाइल वाचतो आणि मग होममधल्या तीन नावांपैकी जी पहिली सापडेल तेवढीच. एखाद्या इन्स्टॉलरनं बॅश-प्रोफाइल नावाची फाइल गुपचूप तयार केली की साधी प्रोफाइल वाचणं बंद, आणि कालपर्यंत चालणारा पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी) आज गायब. शिवाय लॉगिन नसलेला शेल यातलं काहीच न वाचता बॅशआरसीकडे जातो. ही कोडी नव्या मुलांना समजावून सांगण्यात किती वेळ जातो, ते मला विचारा.

आमच्याकडे याचा रोजचा उपयोग असा. टेसरॅक्टचा भाषांचा डेटा कुठे आहे, हे सांगणारं व्हेरिएबल मी ईटीसीतल्या एन्व्हमध्ये ठेवलं आहे. रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारी स्क्रिप्ट झेडएसएचमध्येच लिहिलेली आहे. तिच्यासमोर कुणी बसलेलं नसतं, तरी ती ही फाइल वाचते आणि मराठीचा डेटा तिला बरोबर सापडतो. बॅशची स्क्रिप्ट असती, तर मुद्दाम बॅश-एन्व्ह हे व्हेरिएबल लावल्याशिवाय तिनं एकही फाइल वाचली नसती. मात्र ईटीसीतली ही एन्व्ह कुणालाच टाळता येत नाही, शेल सुरू करताना फायली वाचू नको असं सांगितलं तरीही. म्हणून तिच्यात दोनचार ओळींच्या वर काही ठेवू नये, आणि पडद्यावर काही छापणारी ओळ तर नकोच. रिमोट शेल अशी ओळ छापायला लागला की फायली एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणारं आरसिंक तिथेच कोलमडतं.

आता मराठी माणसाच्या कामाची गोष्ट. आमच्या फोल्डरांची नावं देवनागरीत असतात. झेडएसएच जसा येतो तसाच वापरला, तर टाइप करायच्या ओळीत 'इंदूर' लिहिताना अनुस्वाराच्या जागी कोनी कंसात ०९०२ आणि ऊकाराच्या जागी ०९४२ असे युनिकोडचे आकडे उमटतात. "ताई, फाइल बिघडली का?" असं तपासणीला बसणाऱ्या मुलीनं घाबरून विचारलं होतं. फाइल ठणठणीत होती. यावर कंबाइनिंग कॅर्स नावाचा ऑप्शन आहे. तो ईटीसीतल्या आरसीत एका ओळीत चालू केला की सगळ्यांचे अनुस्वार आणि उकार जागेवर बसतात. मॅकवर ॲपलनं हीच ओळ तिथल्या सामाईक आरसीत आधीच घालून दिली आहे. बाकीच्यांनी ती आपण घालायची, हे मला पटत नाही. बॅशमध्ये यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. आणि जोडाक्षरांवर कर्सर एखादं घर पुढे-मागे होतो, तो टर्मिनलनुसार अजूनही होतोच.

हिस्टरीचंही तसंच. काही न लिहिता वापरलात तर जेमतेम ३० आज्ञा लक्षात राहतात आणि बाहेर पडताना त्याही जपल्या जात नाहीत. लांबलचक टेसरॅक्ट आज्ञा दुसऱ्या दिवशी पुन्हा टाइप करायला लावणं हा माणसाच्या वेळेचा अपमान आहे. आमच्या सामाईक आरसीत हिस्टरीची फाइल आणि मोठा आकडा लिहिलेला आहे.

कम्प्लीशन, म्हणजे अर्धवट टाइप केलेलं शेलनं पूर्ण करणं, सुंदर, पण उबुंटूवर ते सामाईक आरसीच सुरू करते. तुमच्या आरसीतही ते सुरू करणारी ओळ असेल तर काम दोनदा होतं आणि प्रॉम्प्ट यायला उशीर लागतो. हे टाळायला स्किप-ग्लोबल-कॉम्पइनिट हे व्हेरिएबल आपल्या स्वतःच्या एन्व्हमध्ये लावा, आरसीत नको, कारण तोवर ऑफिसची आरसी वाचून झालेली असते. फायलींचा क्रम एकदा डोक्यात बसला की असं उत्तर आपलं आपल्यालाच सुचतं. मात्र कम्प्लीशनच्या फायली ग्रुपला लिहिता येतील अशा फोल्डरमध्ये ठेवल्यात, तर ते फोल्डर असुरक्षित आहे म्हणून शेल दर लॉगिनला अडवतो. परवानग्या नीट करा, तक्रार दाबून टाकू नका.

पॅकेज अपग्रेड होताना ईटीसीतली तुमची बदललेली फाइल ठेवायची की नवी घ्यायची, असं विचारलं जातं. आधी फरक पाहा, मग उत्तर द्या.

नव्या माणसाचं खातं उघडलं की झेडएसएच पहिल्याच लॉगिनला प्रश्नांची लांब यादी समोर धरतो. आम्ही ईटीसीतल्या स्केल फोल्डरमध्ये एक छोटी आरसी ठेवली आहे, वर मराठीत सूचना लिहून: 'इथून खाली सगळं तुझं.' खातं तयार होताना ती नव्या होममध्ये जाते आणि ते प्रश्न येतच नाहीत. स्केलमधली फाइल नंतर बदलली तर जुन्या खात्यांत ती पोचत नाही, म्हणून सगळ्यांना लागणारं काही तिच्यात ठेवू नका.