पॅटन, सेंच्युरियन की शर्मन? १९६५ च्या फोटोतला रणगाडा ओळखताना

घरातल्या जुन्या अल्बममध्ये रणगाड्यावर उभ्या जवानांचा फोटो सापडला, की त्याखाली बहुतेक वेळा ‘पकडलेला पॅटन’ असं लिहून टाकलं जातं. पण १९६५ च्या भारत-पाक युद्धात आपल्याकडे सेंच्युरियन आणि शर्मन होते, आणि पाकिस्तानकडे पॅटनबरोबर शर्मनही होते. वर उभे असलेले जवान आपले, म्हणून रणगाडाही आपलाच असं नाही.

शर्मन लगेच ओळखू येतो. पट्टा फिरवणारं दातेरी चाक त्याला पुढच्या बाजूला असतं. उरलेल्या दोघांना ते मागे. अंगानेही तो उंच दिसतो. मात्र तो दोन्ही सैन्यांत असल्यामुळे एवढ्यावरून मालक ठरत नाही. पंजाबातल्या आसल उत्तरच्या लढाईत आपली डेक्कन हॉर्स ही रणगाडा पलटण शर्मनवरच लढली.

खरा घोळ होतो तो पॅटन आणि सेंच्युरियनचा. दोघांनाही प्रत्येक बाजूला सहा मोठी चाकं, त्यामुळे मोजून काही हाती लागत नाही. सेंच्युरियनच्या चाकांचा वरचा भाग लोखंडी पत्र्यांनी झाकलेला असतो, पॅटनची चाकं उघडी असतात. पण हे पत्रे कधी काढून ठेवलेले, कधी गळून पडलेले असतात. म्हणून माझा भरवसा तोफेच्या नळीवर. नळीतला धूर बाहेर काढणारा फुगवटा पॅटनला पार टोकाशी असतो, सेंच्युरियनला साधारण मधोमध. फोटो कितीही पुसट असला तरी नळी आकाशाच्या पार्श्वभूमीवर असेल तर एवढं दिसतंच. त्यातही नळी चौकटीबाहेर गेली असेल तर टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, पाहा: एम-४८ पॅटनचं उलट्या वाडग्यासारखं गोल, सेंच्युरियनचं कोनदार आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावलेलं. पॅटनच ठरला, तर पुढच्या चिलखतात मशिनगनचं भोक शोधा. ते पॅटनच्या एम-४७ या प्रकाराला असतं, एम-४८ ला नसतं.

पलटण ठाऊक असेल तर काम निम्मं होतं. फिलोरा आणि बुतूर डोगरांडीच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल तारापोर यांची पूना हॉर्स सेंच्युरियनवर होती. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात फोटो हातात धरून पॅटन आणि सेंच्युरियनभोवती एक फेरी मारा; नळीतला फरक कायमचा डोळ्यांत बसतो.

पाचच चाकं आणि पहिल्या दोघांत मोठी फट दिसली, तर तो फोटो बहुधा १९७१ चा. तेव्हा आपल्याकडे टी-५४ आणि टी-५५ होते, पाकिस्तानकडे त्याच घराण्यातले चिनी टी-५९. टरेटच्या छतावर हवेसाठीचा छोटा घुमट असेल तर तो टी-५५ नाही; टी-५४ किंवा टी-५९ असू शकतो. छत दिसत नसेल, तर ‘टी-५४ घराण्यातला रणगाडा’ एवढंच लिहा.