कॉग्निटिव्ह रेमेडिएशन : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी नाशिकला पंचवटीत राहतो. वय 36, आणि स्किझोफ्रेनियाचे निदान होऊन बारा वर्षे झाली आहेत. आवाज ऐकू येणे आणि कोणीतरी पाळत ठेवून आहे असे वाटणे या दोन्ही गोष्टी औषधांनी बऱ्याच वर्षांपूर्वी आटोक्यात आल्या. तरीही एकही काम टिकत नव्हते. घरच्यांना तो आळस वाटे आणि मलाही त्यासाठी दुसरा शब्द सापडत नसे. वर्तमानपत्रातील परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात पुसली जाई, आणि दोन माणसे एकदम बोलू लागली की दोघांचेही बोलणे तुकड्यातुकड्यांनी कानी येई. लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांतील ही घसरण आजाराचाच भाग असते, ती अनेकांमध्ये पहिल्या झटक्याच्या आधीच सुरू झालेली असते आणि सध्याची औषधे तिच्यावर फारशी चालत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा वाईट वाटण्याऐवजी मला हलके वाटले.

पहिली चूक माझीच. मेंदू तल्लख करण्याचे आश्वासन देणारे एक मोबाइल ॲप मी वर्षभराचे पैसे भरून घेतले, दोन महिने रोज खेळलो, गुण भराभर वाढले आणि काकांच्या दुकानातील माझ्या चुका होत्या तेवढ्याच राहिल्या. त्यानंतर ताईने कॉलेज रोडच्या बाजूला असलेले, कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणजे लक्ष, स्मरण आणि विचार यांचा सराव करून घेणारा उपचार देणारे एक केंद्र शोधून काढले. तेथे मंगळवारी आणि शुक्रवारी एक तासाचे सत्र असे. पहिली पस्तीस-चाळीस मिनिटे संगणकावर सराव, म्हणजे आकड्यांची रांग उलट क्रमाने सांगणे, बदलत्या चित्रांतून ठरलेले चित्र दिसताच कळ दाबणे, दिलेल्या अटींत दिवसाचे वेळापत्रक बसवणे. आणि उरलेला वेळ नुसते बोलणे. हे बोलणे मला आरंभी फुकट घालवलेला वेळ वाटत असे. आज मत विचाराल तर पैसे त्या वीस मिनिटांचेच वसूल झाले.

कारण सत्र घेणाऱ्या थेरपिस्ट मॅडम गुण विचारतच नसत. त्या विचारत, “हे कसे जमवलेत?” एकदा सहा आकडे बरोबर आले तेव्हा मला उत्तर देता येईना. बराच वेळ विचार केल्यावर लक्षात आले, की मी ते फोन नंबर सांगतात तसे दोन-दोनच्या जोड्यांनी मनात म्हटले होते. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, “मग दुकानात कशाच्या जोड्या लावाल?”

रविवार कारंजाजवळ माझ्या काकांचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. वायरमन येतो आणि एका दमात सांगतो : सहा अँपियरचे चार स्विच, दोन सॉकेट, एक होल्डर, दीडची वायर एक बंडल. फळीपर्यंत पोहोचेतो माझ्याजवळ स्विच उरत आणि त्यांचा आकडाही डळमळलेला असे. आम्ही ठरवले ते असे : आधी एकूण वस्तू किती ते विचारायचे, प्रत्येक वस्तूला बोटाचे एक पेर द्यायचे, एका फळीवरच्या वस्तू एकत्र म्हणायच्या आणि हलण्यापूर्वी यादी गिऱ्हाइकाला मोठ्याने परत ऐकवायची. पहिल्या आठवड्यात काका म्हणाले, “अरे, सामान काढतोस की जप करतोस?” दिवाळीच्या गर्दीत मात्र त्यांनी स्वतःहून गल्ल्यावरून मला गिऱ्हाइकांपुढे उभे केले.

माझ्या एकट्याच्या अनुभवावर कोणी पैसे खर्च करू नयेत, म्हणून हेही लिहितो. 2021 मध्ये ‘जामा सायकिॲट्री’ या नियतकालिकात स्किझोफ्रेनियातील या उपचारावरच्या 130 अभ्यासांचा आणि त्यांतील 8,851 व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विचारशक्तीत आणि रोजच्या व्यवहारातही सुधारणा दिसली, पण ती माफक होती. प्रशिक्षित थेरपिस्ट प्रत्यक्ष सोबत असणे, युक्त्या पद्धतशीर शिकवणे आणि जोडीला पुनर्वसनाचे काम असणे यांनी परिणाम वाढला. माझ्या ॲपमध्ये यांपैकी काहीच नव्हते. ज्यांचे शिक्षण कमी झाले आहे आणि ज्यांची लक्षणे सुरुवातीला जास्त आहेत, त्यांना अधिक लाभ झाला, हेही त्याच आढाव्यात आहे. तेव्हा “आमच्या मुलाला हे झेपणार नाही” असे म्हणणाऱ्या शुभंकरांनी, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांनी, थोडे थांबावे.

माझ्या सुधारणेचे सगळे श्रेय मात्र सरावाला देता येत नाही. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी माझी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी हळूहळू कमी करून बंद केली. हाताचा कंप आणि अंगाचा ताठरपणा यांसाठी दिली जाणारी ही गोळी स्मरणशक्ती मंदावू शकते. त्यामुळे डोके मोकळे झाले ते गोळी सुटल्याने किती आणि सरावाने किती, याची वाटणी मला करता येत नाही. ही गोळी कोणी आपल्या मनाने सोडू नये. माझ्या बाबतीतही ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत झाले.

तक्रारी आहेत. शब्द लक्षात ठेवण्याची यादी सरळ भाषांतरातून आलेली होती. तिच्यात ‘बिगुल’ आणि ‘नांगर’ शेजारी होते, आणि तो नांगर शेतातला नसून जहाजाचा आहे हे चित्र पाहिल्यावर कळले. मी तसे सांगितल्यावर मॅडमनी भद्रकालीच्या भाजीबाजारातील नावांची यादी केली. मेथी, गवार, कारले यांच्यासह ती दुसऱ्याच दिवशी निम्मी आठवली. दुसरे, थकवा फार येतो. पहिल्या महिन्यात सत्रानंतर घरी येऊन मी सरळ झोपत असे. तिसरे म्हणजे खर्च आणि जाणे-येणे. चौथ्या महिन्यापर्यंत ताई दर वेळी सोबत येत असे. एकटा गेलो त्या पहिल्याच दिवशी परतताना सिटीलिंकच्या चुकीच्या बसमध्ये बसलो आणि नाशिकरोडला उतरलो. आता चढण्यापूर्वी कंडक्टरला विचारतो. हेही त्या वीस मिनिटांतच ठरले होते. दिवाळीत तीन आठवडे खंड पडला तेव्हा संगणकावरचे गुण घसरले, पेरांवर मोजण्याची सवय मात्र सुटली नाही.

आता पंधरा दिवसांतून एकदा जातो. फोनवरची ऑर्डर अजून जमत नाही, कारण समोर चेहरा नसतो आणि पलीकडचा माणूस घाईत असतो. काकांनी फोनशेजारी एक वही ठेवली आहे आणि पेन्सिल तिला दोऱ्याने बांधली आहे. गेल्या शनिवारी मी सात वस्तू लिहून घेतल्या. सहा बरोबर निघाल्या, आणि सातव्यासाठी त्या वायरमनला परत फोन मीच केला.